गाडीला लागलेली उचकी

२४ सप्टेंबर, बुधवार

आज पलासियाच्या चौकात गाडी एकदाही बंद पडली नाही. मीच लिहून ठेवते, कारण या घरात कौतुक करायची पद्धत नाही.

ह्यांच्या डोळ्यात महिन्याचं इंजेक्शन होतं. उन्हाळ्यात डॉक्टरांनी सांगितलं, पडद्याला सूज आहे, आता गाडी चालवायची नाही. ह्यांनी, म्हणजे आमच्या अरविंदरावांनी, किल्ली टेबलावर ठेवली आणि दोन दिवस जेवताना तोंडातून अक्षर काढलं नाही. त्यांचं ते बसणं मला बघवेना. म्हटलं, मी शिकते. साठीला टेकलेली बाई, जन्मभर शाळेत गणित शिकवलेलं, क्लच कशाशी खातात ते माहीत नाही. पण ऑगस्टमध्ये लायसन्स आलं हो हातात. फोटो भयंकर आहे, पण नाव माझं आहे.

आता मी चालवते आणि हे शेजारी बसून चालवतात. उजवा पाय सारखा हवेत ब्रेक मारत असतो. "क्लच, शुभदा, क्लच!" "अगं, डावीकडून भिया घुसतोय!" भिया, म्हणजे आमच्या इंदूरचा कुठलाही भाऊ, कुठेच नसतो, असते एक गाय आणि ती शांत उभी असते. आज मी म्हटलं, अहो, तुम्हाला दिसत नाही ना, मग बोलता कशाला? म्हणाले, "दिसत नाही म्हणूनच."

संध्याकाळी हे एकटेच अन्नपूर्णा मंदिराच्या बाजूला फिरायला गेले. नवरात्राची ही गर्दी, धड दिसत नाही, जाऊ नका म्हटलं. ऐकतील तर शप्पथ. परत आले ते बोटांना कुंकू लावून. म्हटलं, काय, देवदर्शन? हा माणूस कधी देवळाची पायरी चढलेला नाही, मला बाहेर चपला सांभाळायला उभा राहतो. म्हणाले, "रेलिंगला असेल, लागलं." मग खाली गाडीपाशी बराच वेळ बॉनेट उघडून उभे. विचारलं तर म्हणे रेडिएटरचं पाणी बघत होतो. दिसतंय थोडंच! पण गाडी आता माझ्या हातात गेली, तर तेवढं त्यांना करू दे बिचाऱ्यांना.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

गाडीला उचकी लागली.

खरंच, दुसरा शब्द नाही. पुलाच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबला तर गाडीने आचका दिला. सोडला तर ठीक. पुन्हा दाबला, पुन्हा आचका, आणि मग दोनतीन एकामागोमाग. माझी मान पुढे, ह्यांचा चष्मा मांडीवर. मागून बस कोकलतेय. कशीबशी पूल उतरले.

"क्लच अर्धवट ठेवलास."
"माझा पाय क्लचवर नव्हताच."
"मग म्हणूनच."



२८ सप्टेंबर, रविवार

तन्वीचा पुण्याहून फोन. बापाने सगळं आधीच सांगून ठेवलेलं. "आई, तू ना, आता गाडी विकून टाक. किती जुनी झालीये! माझ्या ऑफिसातल्या एकाचा भाऊ तिकडे इंदूरलाच आहे, त्याला शिकायला जुनी गाडी हवीये. दिवाळीत मी येते तेव्हा देऊन टाकू. कॅब आहेत ना यार."

म्हटलं, गाडी रिपेअर होते. तर हळूच म्हणाली, "गाडीचाच प्रॉब्लेम आहे का पण?"

म्हणजे माझा. म्हणजे माझ्या पायाचा. पोरीला वाईट म्हणून बोलायचं नव्हतं, काळजीच आहे, कळतं मला. पण फोन ठेवल्यावर रडू आलं ते आलंच. इतक्या वर्षांनी एक गोष्ट अशी शिकले जी मला कोणी शिकवायला तयार नव्हतं, आणि ती दिवाळीपर्यंतच?

ह्यांना महेश्वरला जायचंय. सरळ म्हणत नाहीत. म्हणतात, "आता नर्मदेचं पाणी निवळलं असेल." डोळे आहेत तोवर बघून घ्यायचं, असं मनात असणार. भाड्याच्या गाडीने जाऊ म्हटलं तर म्हणे मला मळमळतं. स्वतःच्या गाडीत, ती उचक्या देत असली तरी मळमळत नाही. पण महेश्वर म्हणजे जाम गेटचा घाट. येताना तो सगळा चढ. पुलावर रडणारी गाडी घाटात काय करेल? दिवाळीच्या आत हे निस्तरायचं. गाडीत दोष असेल तर दुरुस्त करायचा, पायात असेल तर किल्ली मी स्वतःच्या हाताने देईन. हे मी लिहून टाकतेय, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

३० सप्टेंबर, मंगळवार

परदेशीपुऱ्यात शार्दूलचं गॅरेज आहे, तिथे नेली. ह्यांच्या टपाल खात्यातल्या मित्राचा मुलगा, डिप्लोमा केलेला, बडबड्या. लॅपटॉप गाडीला जोडला आणि डॉक्टरसारखा चेहरा केला. "काकू, मिसिंग वाटतंय, मतलब इंजिन मधेच ठोका चुकवतंय. प्लग, कॉइल, फिल्टर, सगळं चेक करून घेतो. टेन्शन मत लो."

दुपारी परत गेले. गाडीसमोर देवीचा फोटो, उदबत्ती, आणि फोटोपाशी एक लाल कापडाची छोटी पुरचुंडी ठेवलेली. मी पोचले तेव्हा त्याने ती उचलली, कपाळाला लावली आणि इंजिनापाशी आत लोंबती बांधली. नवरात्रात सगळ्यांच्याच गाड्यांना बांधत असेल. मीही लांबूनच हात जोडले. कामावर श्रद्धा असलेली पोरं आवडतात मला.

"काकू, प्लग नवे घातले, एअर फिल्टर साफ. रिंग रोडला खेचून आणली, झटक्याचं नाव नाही! अगदी लोणी."

मी खुश. आणि परत येताना पुलावर, उचकी. त्याला फोन केला. मग, "काकू, बुरा नका मानू, पण नवीन हात… मतलब, नवीन पाय आहे ना तुमचा."

झालं! म्हणजे आता लॅपटॉपसुद्धा माझ्या विरुद्ध.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

गाडी धुतली, स्वस्तिक काढलं, झेंडूचा हार घातला. हार ह्यांनी बांधला, टपाल खात्यातल्या त्यांच्या गाठीने: दोन फेरे आणि वरून उलटा फास. पार्सलं बांधून बांधून हात तसे झालेत. आमच्या घरात डब्याची पिशवीसुद्धा अशीच बांधलेली असते आणि सोडताना माझी नखं जातात. हार सुकला की आता कात्रीच घ्यावी लागणार.

मी म्हटलं, लिंबू-मिरची पण लावू या का, उचकी तरी थांबेल. तर हे हसले, "गाडी पेट्रोलवर चालते, लिंबावर नाही." हसले, पण मग उगाच गाडीभोवती एक चक्कर मारून आले.

सोनं वाटायला समोरची उर्वी आली. इंजिनीअरिंगला आहे, मराठी बोलते पण क्रियापदापुरती. "काकू, आपकी गाडी की आवाज मस्त आहे हो, मैने ऊपरसे ऐकलं." आवाज मस्तच आहे गं बाई. पाय खराब आहे.

५ ऑक्टोबर, रविवार

आज गाडी काढलीच नाही. खुर्चीवर बसून भिंतीला पाय लावून दाबून बघितला, हळू, एकसारखा. थरथरत नाही. की थरथरतो आणि मला कळत नाही? ह्यांना तरी कुठे कळलं होतं, की समोरच्या पाटीवरची अक्षरं पाटीची नाही तर त्यांच्या डोळ्यांची वाकडी झालीत? महिनाभर पाटी रंगवणाऱ्याला नावं ठेवत होते.

तन्वीला मेसेज लिहिला, "त्या मुलाला सांग." पाठवला नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार

पुन्हा शार्दूल. या वेळी मी ठाण मांडून बसले. म्हटलं, बाबा, तू शेजारी बस आणि मी चालवते. माझा पाय तुझ्या डोळ्यांनी बघ. काय चुकतंय ते तोंडावर सांग.

त्याने आधी पुन्हा सगळं उघडलं, पुरचुंडी सोडून फोटोपाशी ठेवली, पेट्रोलचा फिल्टर बदलला. मग आम्ही निघालो. रिंग रोडवर मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि गाडी अशी पळाली, अशी पळाली! मी पुन्हा दाबला. तिसऱ्यात, चौथ्यात, पुलावर, सगळीकडे. नाही म्हणजे नाही! शार्दूलने डॅशबोर्ड धरला होता. "बस काकू, बस! समजलं! पाय एकदम फर्स्ट क्लास आहे!"

मला भर रस्त्यात गावंसं वाटलं. पाय माझा चांगला आहे! गॅरेजात येऊन त्याने पुन्हा नमस्कार करून पुरचुंडी बांधली, मी त्याला पेढे खायला घातले आणि ह्यांना घ्यायला त्यांच्या मित्राकडे गेले. हे बसले. पुढच्या चढावर उचकी. नुसती उचकी नाही, गाडी कोलमडलीच जवळजवळ.

मी गणिताची बाई. काय बदललं ते बघायचं. शार्दूल शेजारी, झटका नाही. हे शेजारी, झटका. रस्ता तोच, पाय तोच. उत्तर समोर आहे: हे शेजारी बसले की मी बिचकते आणि पाय लटपटतो. गाडी नाही, मी नाही, आमचे हे!

आणि मी ते बोलून टाकलं. चांगलं तोंडावर. "तुमच्या त्या क्लच-क्लचने होतंय सगळं. तुमचा विश्वास नाही ना माझ्यावर, तेच पायात उतरतं."

घर आल्यावर दार उघडताना हे म्हणाले, "उद्यापासून मी मागे बसतो."

८ ऑक्टोबर, बुधवार

मागे बसले. मांडीवर पिशवी घेऊन, तोंड गच्च मिटून. आरशात मला दिसत होते. गाडीत इतकी शांतता की मला कसंतरीच झालं. पुलावर मी गाडी दाबली आणि तिने आचका दिला. मागून आवाज नाही. दुसरा दिला. तरी नाही.

शेवटी मीच म्हटलं, "बोला हो काहीतरी."
"काय बोलू? मी तर मागे आहे."

बाजूला घेऊन थांबवली आणि दोघांनाही हसू आलं. मग हे पुढे येऊन बसले. म्हटलं, चुकलं माझं उत्तर, तुम्ही नाही. म्हणाले, "पण अर्धं बरोबर होतं. भीती वाटते मला." आणि खिडकीबाहेर बघत बसले. भीती वाटते हे ह्यांनी तोंडाने कबूल केलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. कसली ते विचारायला हवं होतं, पण मागून हॉर्न वाजायला लागले.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

सापडलं! हात अजून काळे आहेत, डायरीला डाग पडतायत, पडू देत.

सकाळी हे पार्कात गेल्यावर उर्वीला खाली बोलावलं. म्हटलं, तू आत बस, न्यूट्रलमध्ये ठेव आणि मी सांगते तसा अ‍ॅक्सिलरेटर दाब. मी बॉनेट उघडून समोर उभी राहते. आजवर सगळ्यांनी गाडी एकतर पळवली नाहीतर बंद करून उघडली. उघडी आणि दाबलेली अशी कोणी बघितलीच नव्हती.

"हळू दाब." काही नाही. इंजिन गुणगुणतंय.
"अजून." काही नाही.
"अगं, चांगला दाब!"

आणि ती लाल पुरचुंडी लोंबत होती ना, ती टुणकन उडाली आणि बाजूच्या काळ्या नळीच्या तोंडाला जाऊन फट्कन चिकटली. त्या नळीतून गाडी हवा आत घेते. नाकच ते. नाकावर फडकं बसलं, इंजिनाने आचका दिला, उर्वीने घाबरून पाय काढला, आणि पुरचुंडी आपली सुटून पुन्हा जागेवर लोंबायला लागली. जणू काही झालंच नाही.

"काकू! देखा क्या?"

देखा म्हणजे काय! चार वेळा देखा. हळू दाबलं की लोंबते, जोरात दाबलं की उडी मारते. मग हाताने बाजूला धरली आणि पुन्हा दाबायला लावलं. गाडी नुसती गर्जत राहिली, उचकी नाही. मी उर्वीला मिठी मारली, तिचा टी-शर्ट काळा केला.

शार्दूलला फोन लावला. चांगली झाडायचं ठरवलं होतं. "अरे भल्या माणसा, तुझ्या देवीची पुरचुंडी गाडीच्या नाकावर बसतेय!"

"माझी? काकू, ती तर तुमची आहे. पहिल्या दिवशी गाडी आली तेव्हापासून लागली होती. काम करताना आड येते म्हणून काढून फोटोपाशी ठेवायचो. ट्रायल झाली की परत जागच्या जागी बांधायचो. देवाचं आहे ना, अपने हाथ से कैसे फेकायचं?"

म्हणजे त्याला वाटलं माझी, मला वाटलं त्याची, आणि दोघेही तिला नमस्कार करत होतो. पुरचुंडी काढून ट्रायल घ्यायची, गाडी लोणी. पुरचुंडी बांधून माझ्या हातात द्यायची, गाडी उचकी.

मग ही कोणाची?

सोडायला गेले. आतल्या दांडीला मारलेली गाठ शार्दूलची होती, एका ओढीत सुटली. पण कापडाच्या तोंडाशी पहिली गाठ तशीच होती. ती सुटेना. दोन फेरे आणि वरून उलटा फास.

मी तिथेच गाडीच्या बंपरवर बसले. उर्वी विचारत होती, काकू क्या हुआ, चोट लगी क्या. काय सांगू तिला?

ती गाठ मी जन्मभर सोडत आलेय. वरूनच चाचपलं, आत तांदूळ आणि सुपारी, कापडाला कुंकू. धड दिसत नसलेला माणूस, नवरात्राच्या गर्दीतून चाचपडत गेला, ज्या देवळाबाहेर उभा राहून माझी थट्टा करायचा त्याच्या आत गेला, आणि इथे येऊन हाताने चाचपत हे बांधून गेला. दिसलं असतं तर दोरा एवढा लांब ठेवला नसता. आणि मी त्याला म्हटलं, तुमचा विश्वास नाही माझ्यावर. नव्हताच, पण म्हणून त्याने किल्ली नाही हो लपवली. देवळात गेला.

खूप रडले. चांगलं वाटलं रडून.

हे परत आले तेव्हा एवढंच सांगितलं, हवेच्या नळीत कचरा अडकत होता, निघाला. "कसला कचरा?" म्हटलं, पाला. माझ्याकडे बघत राहिले. मी पोळ्या लाटत होते, मान वर केली नाही. मी विचारलं असतं तर त्यांनी कानावर हात ठेवले असते, आणि मग मला ते खरं मानल्याचं दाखवावं लागलं असतं. त्यापेक्षा पाला बरा.

पुरचुंडी गाडीच्या पुढच्या खणात ठेवलीय, काळ्या चष्म्याच्या डबीमागे. गाठ सोडलेली नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

महेश्वर!

उजाडताच निघालो. डब्यात पराठे, लोणचं आणि शेव, शेवेशिवाय ह्यांचं पान हलत नाही. महूपर्यंत "क्लच" तीनदा, त्यानंतर मोजायचं सोडून दिलं. जाम गेटला थांबून चहा घेतला. खाली सगळा निमाड हिरवा पसरलेला. ह्यांनी एक डोळा झाकून बघितलं, मग दुसरा झाकून. "या डोळ्याने बरं दिसतंय गं," म्हणाले. डॉक्टरही मागच्या वेळी म्हणालेच होते, सूज उतरतेय.

घाट उतरताना ऊन समोर आलं. ह्यांनी काळ्या चष्म्यासाठी खण उघडला, आत हात घातला आणि हात तिथेच थांबला. मी रस्त्याकडे बघत होते. वळणं होती, बघायलाच हवं होतं.

"ही इथे कशी?"
"कोणती?"

"काही नाही," म्हणाले. चष्मा काढला, लावला, आणि खण अगदी हलक्या हाताने बंद केला. मंडलेश्वर येईपर्यंत एकदाही "क्लच" ऐकू आलं नाही.

महेश्वरच्या घाटावर हे पाण्यात पाय सोडून बसले. पाणी निवळलं होतं. तिथूनच त्यांनी तन्वीला फोन लावला, मी काही सांगितलेलं नसताना. "त्या मुलाला नाही म्हणून सांग गं. गाडी लागते आम्हाला. नाही, नाही, दोष गाडीतही नव्हता आणि आईतही नव्हता." पलीकडून तन्वीने काहीतरी विचारलं असणार. "कोणाचा ते सोड," म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता नुसते हसले. मी पराठ्याचा डबा पुढे केला.

परतीला चढ. मंडलेश्वर सोडलं. पहिल्या मोठ्या वळणाला दुसरा गिअर टाकला आणि अ‍ॅक्सिलरेटर खालपर्यंत दाबला, श्वास धरून. गाडी चढली. पुढच्या वळणालाही चढली. समोर दगडांचा ट्रक होता, हॉर्न दिला, त्याने बाजू दिली, मी त्याच्याही पुढे गेले. मी, शुभदा, ट्रकच्या पुढे! म्हटलं आता तरी तोंड उघडतील, शाबास नको पण "सांभाळून" तरी म्हणतील. काही नाही.

वर जाम गेटला पोचल्यावर गाडी बाजूला घेतली आणि वळून बघितलं. ह्यांची मान खिडकीला टेकलेली, काळा चष्मा नाकावरून घसरलेला, तोंड थोडं उघडं. अख्खा घाट झोपेत चढले होते. आणि हवेत ब्रेक मारणारा तो उजवा पाय सरळ पुढे पसरलेला, चपलेतून सुटलेला.

उठवलं नाही. इंजिन बंद केलं आणि भुट्टेवाल्याला खुणेनेच दोन कणसं भाजायला सांगितली.